साउथॅक स्ट्रीटवरचं घर: पत्ता सगळ्यांना ठाऊक, तरी आत कुणी शिरलं नाही

बोस्टन शहरात बीकन हिलच्या उत्तर उतारावर फिलिप्स स्ट्रीट नावाचा अरुंद रस्ता आहे. तिथलं ६६ क्रमांकाचं घर १८३३ सालचं. चार मजली, विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना खेटलेलं. घर खासगी आहे, त्यामुळे आत सोडत नाहीत. शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची जी पायी फेरी असते तिच्यातला हा एक थांबा. लोक पाटी वाचतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. १८५० मध्ये याच रस्त्याचं नाव साउथॅक स्ट्रीट होतं.

गुलामगिरीतून पळालेल्यांना आसरा देणारं घर म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं ते जवळपास ठरलेलंच आहे. भुयार, फडताळामागची चोरखोली, खिडकीतला कंदील, आणि अर्ध्या रात्री दार उघडणारा कनवाळू गोरा पाद्री. अशी घरं होती, नाही असं नाही. या घराला मात्र त्यातलं फारसं काही लागू पडत नाही. इथले नवरा-बायको दोघेही स्वतःच पळून आलेले गुलाम होते. आत कोण राहतं हे मोहल्ल्याला ठाऊक होतं आणि पकडायला आलेल्यांनाही शोधायला फार वेळ लागला नसता. तरीही १८५० च्या ऑक्टोबरात सरकारी वॉरंट निघालेला माणूस या घरात राहिला, आणि वॉरंट बजावणारा उंबरठ्यापर्यंतही आला नाही. हे कसं जमलं, आणि कुठपर्यंत जमलं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

घरधनी आणि घरधनीण

लुईस हेडन केंटकीतल्या लेक्सिंग्टनचा. जन्म १८११ चा. पहिला मालक प्रेस्बिटेरियन पाद्री होता, ॲडम रँकिन. या धर्मगुरूनं गाव सोडताना लुईसची भावंडं विकली आणि लुईस गाडीला जुंपायच्या दोन घोड्यांच्या बदल्यात देऊन टाकला. पोर तेव्हा दहाएक वर्षांचं. पुढे लुईसची पहिली बायको एस्थर आणि त्यांचं मूलही विकलं गेलं. त्यांना विकत घेऊन पुढे विकणारा माणूस म्हणजे सिनेटर हेन्री क्ले, असं लुईस नाव घेऊन सांगत असे. त्या दोघांचा पत्ता त्याला पुन्हा लागला नाही.

दुसरी बायको हॅरिएट, आणि तिचा लहानगा जोसेफ. १८४४ च्या सप्टेंबरात तिघं पळाली. कॅल्विन फेअरबँक हा तरुण मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि डीलिया वेब्स्टर ही शिक्षिका, या दोघांनी भाड्याची घोडागाडी आणली होती. तुला स्वातंत्र्य कशाला हवं, असं फेअरबँकनं आधी लुईसला विचारलं होतं. ‘कारण मी माणूस आहे,’ एवढंच लुईस म्हणाला. ओहायो नदी ओलांडून रिप्ली, तिथून कॅनडा, मग डेट्रॉइट आणि अखेर बोस्टन. (गंमत अशी की रिप्लीच्या टेकडीवर तेव्हा दुसरे एक रँकिन राहत होते. तेही प्रेस्बिटेरियन पाद्रीच, पण त्यांचं घर पळणाऱ्यांसाठी उघडं असायचं. आडनाव तेच, पंथही तोच.)

या सुटकेची किंमत दुसऱ्यांनी मोजली. फेअरबँकला १५ वर्षांची आणि वेब्स्टरला दोन वर्षांची शिक्षा झाली. तिला थोड्याच आठवड्यांत माफी मिळाली, तो मात्र तुरुंगातच राहिला. बोस्टनमध्ये जम बसताच लुईसनं वर्गणी गोळा केली आणि ६५० डॉलर उभे केले. १८४९ मध्ये फेअरबँक सुटला. ज्यानं आपल्याला सोडवलं त्यालाच पैसे भरून सोडवून आणणारा हा माणूस. त्याच्या घरात पुढे काय चालणार याचा अंदाज इथेच येतो.

केंब्रिज स्ट्रीटवर लुईसचं कपड्यांचं दुकान होतं. साउथॅक स्ट्रीटवरच्या घरात हॅरिएट खाणावळ-कम-लॉजिंग चालवायची. ही बाब महत्त्वाची आहे. ज्या घरात भाडेकरूंची रोजची ये-जा असते तिथे आणखी एक अनोळखी चेहरा दिसला तर कुणी चमकत नाही. दाराशी गाठोडं घेऊन कुणी उभं राहिलं तर तो पाहुणा, गिऱ्हाईक की फरारी, हे रस्त्यावरच्या माणसाला कसं कळणार? भुयारापेक्षा हा आडोसा भरवशाचा होता.

भाडेकरू

क्राफ्ट दांपत्य या घरातले भाडेकरू. विल्यम सुतारकामात तरबेज होता, एलन शिवणकामात. दोघे जॉर्जियातल्या मेकन गावचे. एलनचा बाप तिचा मालकच होता. तिचा रंग इतका उजळ की लोक तिला घरातलीच लेक समजत, आणि मालकिणीला नेमकं तेच खुपे. म्हणून अकराव्या वर्षी तिला लग्नातला आहेर म्हणून देऊन टाकलं. कुणाला, तर तिच्याच सावत्र बहिणीला. या बहिणीचा नवरा डॉ. रॉबर्ट कॉलिन्स, म्हणजे कायद्यानं एलनचा मालक.

डिसेंबर १८४८ मध्ये एलननं केस कापले, उंच टोपी घातली, डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवला आणि आजारी गोऱ्या जमीनदाराचं सोंग घेतलं. उजवा हात झोळीत घातला, कारण हॉटेलच्या वहीत सही करायची वेळ आली तर? तिला लिहिता येत नव्हतं. जबड्यावर पट्टी बांधली, म्हणजे दाढी नसलेली दिसायला नको आणि बोलायलाही नको. विल्यम या ‘साहेबां’चा नोकर झाला. रेल्वे आणि बोटीनं, चांगल्या वर्गाची तिकिटं काढून, चार दिवसांत दोघे हजारएक मैलांवर पोहोचले. नाताळच्या सकाळी ते फिलाडेल्फियात उतरले. पहिल्याच गाडीत एलनच्या शेजारी तिच्या मालकाच्या ओळखीचा गृहस्थ येऊन बसला होता. तिनं बहिरेपणाचं सोंग वठवलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढे दोघे बोस्टनला आले. विल्यमनं केंब्रिज स्ट्रीटवर लाकडी सामानाचं दुकान थाटलं आणि वर्तमानपत्रात जाहिरातही दिली. एलन शिवणकाम करू लागली. दोघे सभांमधून आपली हकीकत सांगत, त्यामुळे त्यांची नावं चांगलीच गाजली. ही प्रसिद्धीच पुढे अंगाशी आली, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. शहराला त्यांचे चेहरे ओळखीचे नसते तर १८५० च्या ऑक्टोबरात त्यांच्यासाठी इतकी माणसं धावली नसती.

कायदा

१८ सप्टेंबर १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनी फरारी गुलामांच्या कायद्यावर सही केली. दक्षिणेतून पळालेला माणूस उत्तरेतल्या मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात असला तरी त्याला धरून परत न्यायची मुभा आधीही होती. नव्या कायद्यानं ती केंद्र सरकारची जबाबदारी झाली. खटला ज्यूरीपुढे नाही, कमिशनरपुढे, म्हणजे केंद्रीय कोर्टानं नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येणार नाही. कमिशनरनं माणूस मालकाला दिला तर त्याची फी दहा डॉलर, सोडला तर पाच. कागदपत्रांचं काम जास्त पडतं म्हणून फरक ठेवला, असं समर्थन केलं गेलं. ज्याला पटायचं त्याला पटलं. फरारीला आसरा देणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे हॅरिएटनं ताट वाढलं की तो गुन्हा.

बोस्टनची लोकसंख्या तेव्हा सुमारे १,३७,००० होती, आणि त्यात कृष्णवर्णीय जेमतेम २,०००. शहरातल्या व्यापाऱ्यांचा आणि आसपासच्या गिरण्यांचा जीव दक्षिणेच्या कापसात अडकलेला. मॅसॅच्युसेट्सचाच दिग्गज नेता डॅनिअल वेब्स्टर या कायद्याच्या बाजूनं उभा होता. त्यामुळे ‘अख्खं बोस्टन गुलामगिरीविरुद्ध होतं’ हे नंतर रंगवलेलं चित्र आहे. कायदा येताच कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाडबिस्तरा आवरून कॅनडाची वाट धरली.

जे राहिले त्यांनी आधी आपल्या मोहल्ल्यात सभा घेतल्या, लुईस हेडनच्या अध्यक्षतेखाली. सर्वसाधारण बोस्टनकरांची मोठी सभा फॅन्यूइल हॉलमध्ये नंतर झाली, १४ ऑक्टोबरला. तिथे फरारींना वाचवण्यासाठी दक्षता समिती उभी राहिली. वकील, डॉक्टर, पाद्री, व्यापारी आणि त्यांच्यासोबत लुईस. हा क्रम लक्षात ठेवावा. समितीनं मोहल्ल्याला जागं केलं नाही. मोहल्ला आधीच जागा होता.

ऑक्टोबरचे दिवस

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जॉर्जियाहून दोन माणसं येऊन युनायटेड स्टेट्स हॉटेलात उतरली. एक विलिस ह्यूज, मेकनचा जेलर. दुसरा जॉन नाइट, जो एके काळी विल्यमबरोबर एकाच सुतारखान्यात काम करत असे. पाठवणारा कॉलिन्स.

नाइट एकटाच विल्यमच्या दुकानी गेला. जुनी ओळख काढली, ख्यालीखुशाली विचारली आणि मला जरा गाव दाखव म्हणाला. विल्यमनं कामाचं निमित्त सांगून टाळलं. मग नाइटनं चिठ्ठी पाठवली. ती आज वाचली तरी हसू येतं. मी लवकरच घरी परत चाललोय, तुला घरी काही पत्र पाठवायचं असेल तर हॉटेलातल्या ४४ नंबरच्या पेटीत टाक, नाहीतर उद्या संध्याकाळी चहानंतर स्वतःच घेऊन ये. तुझ्या बायकोला मला भेटायचं असेल तर तिलाही आण. दोन वर्षं ज्यांच्या मागावर आहात त्यांना चहानंतर जोडीनं या म्हणून आमंत्रण! विल्यम काही गेला नाही. नाइट एकटा आलेला नाही, याचा तपास त्यानं मात्र लगेच लावला.

आता घराघरांची कामं वाटली गेली. एलनला आधी हलवायचं ठरलं. श्रीमती सुझन हिलर्ड तिच्याकडे गेल्या आणि थोडं शिवणकाम आहे म्हणून तिला घेऊन आल्या. खरं कारण कळल्यावर एलनला रडू फुटलं, पण तिनं लगेच स्वतःला सावरलं. सुझनबाईंचे यजमान जॉर्ज हिलर्ड हे त्याच कायद्याखालचे कमिशनर होते, हे विसरू नये. नवऱ्याच्या हातात वॉरंटचा अधिकार आणि बायकोच्या हाताशी फरारी. त्या घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलणी होत असतील कोण जाणे. तिथून एलनला शहराबाहेर ब्रुकलाइनला, एलिस ग्रे लोरिंग या वकिलाच्या घरी नेलं. मग ती पाद्री थिओडोर पार्करच्या घरी राहिली. पार्कर तिच्या मुक्कामात प्रवचनं लिहायचा तेव्हा मेजाच्या खणात पिस्तूल असे. त्यानं हे गुपित ठेवलं नाही. पुढे नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षांनाच पत्र लिहून कळवलं.

विल्यमची तऱ्हा वेगळी. तो आधी दुकानातच ठाण मांडून बसला, शेजारी भरलेली पिस्तुलं. मग हेडनच्या घरी आला. तिथे जाऊन आलेल्यांनी जे लिहून ठेवलंय त्यावरून घराचं रूप डोळ्यांपुढे उभं राहतं. दारं-खिडक्यांना दुहेरी कड्या आणि आडणे. टेबलाभोवती लुईस, त्याचा मुलगा आणि मोहल्ल्यातली माणसं. टेबलावर जी मिळतील ती हत्यारं, भरलेली. आणि बंदुकीच्या दारूची दोन पिंपं. ही पिंपं तळघरात होती की पुढच्या दाराच्या पायऱ्यांखाली, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. लुईसचा निरोप मात्र सगळ्यांच्या सांगण्यात सारखाच आहे. कुणी या घरातून माणूस ओढून न्यायला आलं तर घर उडवून देऊ, आमच्यासकट.

हा निरोप बाहेर पोहोचावा हाच त्यातला हेतू होता. पिंपांचा उपयोग ती लपवून ठेवण्यात नव्हता, ती आहेत हे मार्शलच्या, म्हणजे वॉरंट बजावणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्याच्या कानावर जाण्यात होता. नुसती फुशारकी असती तर कुणीतरी एकदा दार ठोठावून पाहिलं असतं. पण हा माणूस पोटच्या पोराची ताटातूट सोसलेला. त्याच्या शब्दाची परीक्षा घ्यायला कुणी धजलं नाही.

इकडे ह्यूज वॉरंटसाठी फिरत होता. या न्यायाधीशाकडून त्या कमिशनरकडे, तिथून वकिलाकडे. त्याला सगळीकडे अदबीनं पुढच्या दाराचा रस्ता दाखवला गेला. सरकारी कचेरीत ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकलेल्या कुणालाही त्याची अवस्था कळेल. २५ ऑक्टोबरला वॉरंट निघालं एकदाचं. ते मार्शल चार्ल्स डेव्हन्सकडे गेलं आणि त्याच्याकडेच राहिलं.

आता वकिलांची पाळी. समितीतल्या वकिलांनी कायद्याला कायदाच आडवा घातला. ह्यूज-नाइट विल्यमला गुलाम म्हणतात, चोर म्हणतात, म्हणजे बदनामी. अटक. जामीन प्रत्येकी १०,००० डॉलर. बोस्टनच्या काही धनिकांनी जामीन भरला, तर पुन्हा अटक, या वेळी पळवून नेण्याच्या कटाबद्दल. रस्त्यात सिगार ओढला, शिवीगाळ केली, गाडी भरधाव हाकली, पुलावरचा टोल चुकवला, अशी एकेक कलमं निघत गेली. शहराच्या भिंतींवर दोघांच्या वर्णनाची पत्रकं लागली: चेहरा असा, अंगकाठी अशी, हे माणसं धरणारे आहेत. फरारी गुलामांच्या जाहिराती जशा छापत, हुबेहूब त्याच थाटात. हॉटेलबाहेर पडले की मागे गर्दी आणि आरडाओरडा.

३० ऑक्टोबरला पार्कर थेट हॉटेलात जाऊन त्यांना भेटला. आजवर तुमच्या केसाला धक्का लागू दिला नाही, पण आणखी एका रात्रीची हमी देता येत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय. त्याच दुपारी दोघे न्यूयॉर्कच्या गाडीत बसले. परत गेल्यावर ह्यूजनं जॉर्जियातल्या वर्तमानपत्रात आपल्या छळाची लांबलचक कैफियत छापली. त्या दिवसांचा बराच तपशील आपल्याला तिच्यातूनच मिळतो. त्याचे आभार मानायला हरकत नाही.

मधल्या काळात विल्यमपुढे एक प्रस्ताव आला होता. तू शांतपणे अटक करवून घे, कायद्याचा मान राहील, मग वाटेल ती किंमत देऊन तुला विकत घेऊन सोडवू. विल्यमनं नकार दिला. शहरात माझ्यासारखे शेकडो आहेत, त्यांना कोण विकत घेणार, हा त्याचा सवाल. मला या सबंध प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हाच वाटतो. दारूची पिंपं लुईसची होती, पण त्या घरात जो बसला होता त्यानं हो म्हटलं असतं तर घराचा सगळा बंदोबस्त फुकट गेला असता.

घराची ताकद कशात होती

एका घरानं सरकारी कायदा अडवला, असं हे प्रकरण सांगितलं जातं. नीट पाहिलं तर घरानं वेळ मिळवून दिला, फार तर दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत वकिलांनी अटकेचं जाळं विणलं, पत्रकं छापून झाली, एलन तीन घरं बदलत सुरक्षित राहिली. विल्यम बेपत्ता झाला असता तर बाहेरची लढाई कुणासाठी लढायची हा प्रश्न पडला असता. तो अमुक घरात आहे, सशस्त्र आहे आणि येणार नाही, हे सगळ्यांना माहीत असल्यानं मार्शलला रोज नवा निर्णय घ्यावा लागत होता: आज जायचं का? आणि रोज उत्तर येत होतं, आज नको.

यात पैशाचा भाग मोठा. समितीचा खजिनदार फ्रान्सिस जॅक्सन याची हिशेबाची वही शिल्लक आहे. तिच्यात पळून आलेल्यांच्या राहण्या-जेवणाचे, गाडीभाड्याचे, कपड्यांचे, तिकिटांचे आकडे आहेत आणि हेडनचं नाव पुन्हा पुन्हा येतं. ज्यांना शौर्याच्या गोष्टी आवडतात त्यांना ही वही रुक्ष वाटेल. मला ती पिंपांपेक्षा जास्त सांगते. पिंपं काही दिवस कामी आली, जेवण वर्षानुवर्षं लागत होतं. १८५३ मध्ये लेखिका हॅरिएट बीचर स्टो या घरी आल्या तेव्हा नुकत्याच पळून आलेल्या तेरा जणांना त्यांच्यासमोर एका खोलीत आणलं गेलं. तेरा जण! अशा घराचा रोजचा शिधा किती, पाणी किती, अंथरुणं किती, आणि सकाळी उठून हे सगळं करणारं कोण? हिशेबाच्या वहीत पैसे लुईसच्या नावावर पडतात. चूल हॅरिएटची.

आणि घर लुईसच्या मालकीचं नव्हतं. हेडन कुटुंब तिथे भाडेकरू होतं. १८५३ मध्ये ते घर फ्रान्सिस जॅक्सननं विकत घेतलं. बहुधा यासाठी, की घरमालकावर दबाव आणून हेडन कुटुंबाला कुणी बाहेर काढू नये. आत हत्यारं, बाहेर खरेदीखत. दुसरं बरंच शांतपणे होतं, पण तितकंच पक्कं.

इथे जोतीराव फुल्यांची आठवण येते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, कारण त्यांनी निरपेक्ष बुद्धीनं गुलामांना दास्यातून सोडवलं. पुण्यात बसून त्यांना दिसली ती मदत करणारी माणसं, पार्करसारखी, जॅक्सनसारखी. त्यांचं श्रेय कमी नाही. पण साउथॅक स्ट्रीटवरचं घर निरपेक्ष नव्हतं. ते ज्यांच्या अंगावर वळ होते त्यांचं होतं, आणि निरपेक्ष लोकांनी त्यांना साथ दिली. गंमत म्हणजे स्वतः जोतीरावांचं घरही असंच चालायचं. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी आपलं घर उघडलं, तेव्हा त्या बाळंतिणींची उस्तवार सावित्रीबाईच करत होत्या. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. लुईस हेडन त्यांच्या वाचनात आला असता तर अर्पणपत्रिकेत आणखी एक ओळ वाढली असती, असं मला आपलं वाटतं. १८७३ मध्येच लुईस मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेवर निवडून गेला.

घराची हद्द

ह्यूज-नाइट गेले, पण प्रकरण मिटलं नाही. कॉलिन्सनं थेट राष्ट्राध्यक्षांकडे दाद मागितली. उत्तर आलं: कायदा अमलात आणू, गरज पडली तर लष्कर वापरून. आता समोर दोन भाडोत्री माणसं नव्हती. घरात दोन पिंपं ठेवून मेकनच्या जेलरला थोपवता येतं, पलटणीला नाही. हे लुईसला कळत होतं, पार्करला कळत होतं आणि क्राफ्टना तर सर्वांत आधी कळलं.

निघण्यापूर्वी एक काम राहिलं होतं. गुलामांच्या लग्नाला दक्षिणेत कायद्याचा आधार नसे. मालकाची परवानगी मिळाली की झालं, आणि ती कधीही मागे घेता येई. क्राफ्टना रीतसर लग्न हवं होतं. ७ नोव्हेंबर १८५० रोजी पार्करनं मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार त्यांचं लग्न लावलं, ते याच घरात, असं मानलं जातं. टेबलावर बायबल होतं आणि दुसरीकडे एक लांब पात्याचा सुरा पडलेला होता. पार्करनं दोन्ही उचलून विल्यमच्या हातात दिलं. बायबल आत्म्यासाठी, सुरा बायकोच्या रक्षणासाठी, दुसरा कोणताच मार्ग उरला नाही तरच वापरायचा. पाद्रीबुवांनी सुरा बाहेरून आणलेला नव्हता. तो त्या घरात पडलेलाच असायचा.

बोस्टनहून सरळ बोट पकडणं धोक्याचं. म्हणून पोर्टलंड, तिथून न्यू ब्रन्सविकमार्गे हॅलिफॅक्स आणि मग ‘कँब्रिया’ या आगबोटीनं लिव्हरपूल. डिसेंबरात ते इंग्लंडात पोहोचले. पुढची जवळजवळ दोन दशकं तिथेच गेली, मुलं तिथेच झाली. यादवी युद्ध संपल्यावर दोघे परतले आणि ज्या जॉर्जियातून पळाले होते तिथेच त्यांनी जमीन घेऊन शाळा काढली. हिशेब मांडायचा तर साउथॅक स्ट्रीटच्या घरानं त्यांना गुलामगिरीत परत जाऊ दिलं नाही. स्वतःच्या देशात ठेवणं मात्र त्याला जमलं नाही.

पुढच्या प्रकरणांतून ही हद्द आणखी स्पष्ट होते. १५ फेब्रुवारी १८५१ रोजी कॉफी हाउसमधला वेटर शॅड्रक मिंकिन्स पकडला गेला. लुईस आणि वीसेक कृष्णवर्णीय माणसं कोर्टात घुसली आणि त्याला उचलून घेऊन गेली. साउथॅक स्ट्रीटवरच्याच एका विधवेच्या माळ्यावर त्याला तात्पुरतं ठेवलं, मग कॉन्कर्डमार्गे माँट्रियल. लुईसवर खटला भरला, पण ज्यूरीचं एकमत होईना. अडून बसलेल्या ज्यूरीपैकी एक होता कॉन्कर्डचा लोहार बिगेलो. मिंकिन्स पळताना याच लोहाराच्या घरी थांबला होता, हे कोर्टाला ठाऊक नव्हतं. पण दोनच महिन्यांनी टॉमस सिम्स पकडला गेला तेव्हा कोर्टाच्या इमारतीला साखळदंड लावलेले होते. सिम्सला परत नेलं. १८५४ मध्ये अँथनी बर्न्सलाही नेलं, सैनिकांच्या रांगांमधून. हे दोघे पकडले गेले ते रस्त्यावर. साउथॅक स्ट्रीटच्या दारापर्यंत पोहोचलेला माणूस आणि बाहेर सापडलेला माणूस, यांच्या नशिबात एवढा फरक पडत होता.

लुईस १८८९ मध्ये वारला. जोसेफ त्याआधीच, यादवी युद्धात नौदलात असताना गेला होता. घर मात्र १८६५ मध्ये जॅक्सनच्या वारसांकडून हेडन कुटुंबाकडे आलं होतं, आणि खरेदीखत झालं ते हॅरिएटच्या नावानं. १८९३ मध्ये ती गेली. मृत्युपत्रात तिनं मागे राहिलेली पुंजी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाला दिली होती, गरजू कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी. खाणावळ चालवून, फरारी माणसांना जेवू घालून, नवरा आणि मुलगा दोघांच्याही माघारी तिच्याकडे उरलेले ते पैसे होते, काही हजार डॉलर. शिष्यवृत्तीला नाव दोघांचं आहे: लुईस आणि हॅरिएट हेडन.